नकोताई आणि वाढवलेले घोडे

घाट चढायला लागण्याआधी, ट्रकवाले जिथे टायर ठोकून बघायला थांबतात, तिथे दोन शटरचं एक गॅरेज होतं. ते भाऊ-बहीण चालवत. बहीण इंजिनं उघडायची आणि भाऊ घाटात अडकलेल्या गाड्या आपल्या पिकअपने ओढून आणायचा. भावाला सगळे पैलवान म्हणत, कारण तो इतका काटकुळा होता की शर्ट अंगात घातलेला नाही, खुंटीला अडकवलेला वाटायचा. बहिणीला म्हणत नकोताई.

हे नाव तिने स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. कोणी नवी पिकअप घेऊन यायचा, बॉनेट उघडायचा आणि लाडीगोडीने म्हणायचा, "ताई, जरा दम वाढवून द्या हिचा." ती चिंधीला हात पुसायची आणि म्हणायची, "नको." का नको, तेही सांगायची. "जोडीतल्या एकाच बैलाला खुराक घातला की जू मोडतं. इंजिन देईल हो दम. क्लच कुठून देणार? ब्रेक कुठून देणार?" बरेच जण मान हलवून दुसरीकडे जात. त्यातले काही पुढे कधीतरी परत येत, कोणी भोक पडलेला पिस्टन घेऊन, कोणी तापून निळा पडलेला सायलेन्सर घेऊन. ती टोमणा मारत नसे. चहा मागवायची आणि पान्यांचा ट्रे पुढे ओढायची.

दोघांचे वडील मिस्त्री होते. त्यांनी मुलगा-मुलगी असं न बघता दोघांना गाडीखाली घातलं. मुलगी रमली. मुलाला मात्र गाडी उघडण्यापेक्षा पळवण्यात गोडी. नकोताईचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. लग्न ठरताना तो प्रामाणिकपणे म्हणाला होता, "मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवतात तेही कळत नाही." ती म्हणाली, "बरं झालं. घरी तरी कामाचं बोलणं नको." आयुष्यातला हा एकच 'नको' असा, की जो ऐकून समोरचा खूश झाला.

एका सकाळी पैलवान घाटातून परत आला तो गाडीतून उतरलाच नाही. शटरसमोर गाडी उभी, इंजिन बंद, आणि हा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला. नकोताईने दार उघडलं.

"काय झालं?"

"फरशांचा टेम्पो होता. भरलेला," तो म्हणाला. "चढावर गिअर तुटून उभा होता. मी दोर लावला आणि ओढायला लागलो. थोडा वर आला. मग नाही आला."

"मग?"

"मग मागे जायला लागला. मला घेऊन. माझा पाय तळाला टेकलेला होता, ताई. पाय खाली, इंजिन बोंबलतंय आणि गाडी मागे चाललीय. असं कधी वाटलंय तुला?"

त्याने शेवटी खटका ओढून दोराची कडी सोडवली होती. टेम्पो मागे घरंगळत डोंगराच्या बाजूच्या चारीत जाऊन आदळला. दरीच्या बाजूला गेला असता तर गोष्ट वेगळीच झाली असती. टेम्पोवाल्याने आधीच उडी मारली होती. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. पैलवानाने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तिथून तो थेट इथे आला होता.

"ओझं जास्त होतं," नकोताई म्हणाली. "तू नाही म्हणायला हवं होतंस."

"नाही म्हणणं तुला जमतं. तू इथे खाली असतेस. मी वर गेलेला असतो आणि माणूस माझ्या तोंडाकडे बघत असतो."

त्याच दिवसापासून त्याने लकडा लावला. गाडीचे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, वाढव. ती नको म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली. आठवडाभर गॅरेजमध्ये पान्यांच्या आवाजापेक्षा ह्या दोन शब्दांचाच आवाज जास्त होता. मग एक दिवस तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. शहरात एक जण आहे. लॅपटॉप लावतो आणि चहा पिऊन होईपर्यंत घोडे वाढवून देतो. रविवारी जाऊन येतो."

हे मात्र तिला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आरशासमोर दाढी करत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"त्या लॅपटॉपवाल्याकडे मी त्याला जाऊ देणार नाही. तो नुसतं डिझेल जास्त ओतेल आणि पाठवून देईल. मीच करते."

मास्तरांनी फेसातून विचारलं, "म्हणजे हो?"

"म्हणजे नकोच. पण माझ्या हाताने."

काम सुरू झालं. तिची पद्धत उलटी होती. आधी थांबणं, मग थंड राहणं आणि सगळ्यात शेवटी ओढणं. पहिल्यांदा तिने ब्रेक बदलले, जड ट्रकला शोभतील असे घातले. मग मोठा रेडिएटर बसवला. पैलवान रोज विचारायचा, "घोडे कधी?" ती म्हणायची, "आधी तबेला बांधू दे."

मग तिने इंजिनाला जास्त हवा दिली, म्हणजे मोठा टर्बो घातला आणि त्याची तापलेली हवा गार करणारी जाळी पुढे लावली. त्या हवेच्या मापाने डिझेल वाढवलं. इंजिनाच्या संगणकाच्या कामाला एक जुना ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावला आणि स्वतः त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसली. तो एकेक आकडा वर नेई, ही म्हणे, "एवढा नको." तो वैतागून म्हणाला, "ताई, तुम्हाला घोडे वाढवायचेत की गाढवं?" तरी हळूहळू गाडी मूळच्या दीडपट ताकदीला पोचली. तिने दोन पायऱ्या करून घेतल्या, एक निम्म्या वाढीची आणि एक पूर्ण. डॅशबोर्डवर त्यासाठी बटण लावलं.

घोडं पेंड खात होतं ते क्लचपाशी. एवढी ताकद चाकांपर्यंत पोचवायची तर क्लच जाड हवा. तो मागवलेला होता, पण येत नव्हता. दुकानदार रोज उद्याचा वायदा करत होता. म्हणून नकोताईने पूर्ण ताकदीची तार जोडलीच नाही. तिचं टोक चिकटपट्टीत गुंडाळून डॅशबोर्डखाली दडवलं. बटण होतं, पण ते नावाचंच.

"नवा क्लच येईपर्यंत निम्म्यावर चालव," ती म्हणाली. "जुना घसरायला लागला की जळतो, आणि जळला की इंजिन कितीही ओरडलं तरी चाक फिरणार नाही."

"वाघ आणलास आणि त्याला गवत घालतेस," पैलवान म्हणाला. पण निम्म्या ताकदीनेही पहिल्या चढावर गाडी अशी उचलली गेली, की तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू लपत नव्हतं. तिने ते पाहिलं आणि डॅशबोर्डखाली वाकून तारेवरची चिकटपट्टी पुन्हा तपासली. हौसेने पाय दाबणारे किती जण तिने परत आलेले पाहिले होते.

चाचणीसाठी एका दुपारी त्यांनी पिकअपचा हौदा दगडांनी भरला. ओझं घेऊन इंजिन किती तापतं ते तिला स्वतः बघायचं होतं. ती पैलवानाच्या शेजारी बसली, मांडीवर चिंधी, नजर तापमानाच्या काट्यावर. ऊन कडक होतं आणि डोंगर कोरडा पडला होता. पहिली तीन वळणं गेली. काटा जागच्या जागी होता. एवढ्यात पैलवानाचा फोन वाजला. वरच्या वळणावरचा चहावाला होता.

"कुठे आहेस? बस लटकलीय. माणसं आत आहेत."

"क्रेनला सांगितलं?"

"सांगितलं. ती डोंगराच्या पलीकडे कामावर आहे, यायला संध्याकाळ होईल म्हणतात. तू ये."

पैलवानाने बहिणीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली, आणि त्याने गाडी दामटली.

ती बस पॅकिंगच्या कारखान्यातल्या बायकांना घरी सोडणारी होती. वळणावर समोरून ट्रक आला, त्याला वाट द्यायला बसवाल्याने बस मागे घेतली आणि मागची चाकं कठडा फोडून बाहेर गेली. आता बसचं पोट काठावर टेकलेलं होतं. पुढची चाकं रस्त्यावर, मागची दोन्ही हवेत. खाली नुसती खडी उतरण आणि पार तळाशी वाळलेला ओढा. बसवाला ब्रेकवर पाय रोवून बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दार पुढच्या बाजूला होतं आणि दाराजवळच्या बायका उतरायच्या तयारीत होत्या. पैलवान गाडीतून उतरतानाच ओरडला, "पुढचं कोणी उतरू नका. तुमच्याच वजनावर बस थांबलीय. मागचे पुढे या, हळू."

नकोताईने पिकअप वर, बसच्या समोर लावली, तोंड चढाकडे, वळणावरच्या डोंगराच्या भिंतीच्या रोखाने. हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड सरकवले. पैलवानाने तारेचा दोर बसच्या पुढच्या लोखंडी कडीत घातला, ताण दिला आणि मधोमध जाड ताडपत्री टाकली, म्हणजे दोर तुटलाच तर तो चाबकासारखा उडू नये. वाट न मिळाल्याने थांबलेला ट्रकवाला आणि चहावाला बसच्या पुढच्या चाकांमागे दगड लावायला बसले. मग पैलवानाने बायकांना एकेक करून उतरवलं. कोणी रडत नव्हतं. पाय जमिनीला लागला की प्रत्येक बाई आधी डोंगराच्या भिंतीकडे जायची आणि तिथे पाठ टेकून उभी राहायची.

दोघी उतरल्या नाहीत. शेवटच्या बाकावर एक म्हातारी होती. बस काठावर आदळली तेव्हा खालचा पत्रा वर आला, बाकाची चौकट खाली बसली आणि तिचा पाय त्यात अडकला. तिच्याजवळ तिची सून बसली होती, तीही त्याच कारखान्यात कामाला.

"जा गं तू," म्हातारी म्हणत होती. "घरी पोरं आहेत."

"तुम्ही गप्प बसा," सून म्हणाली. "उठायचं तेव्हा दोघी उठू."

पैलवान पहार घेऊन आत शिरायला निघाला. त्याने दारात पाय ठेवला तशी बस कण्हली आणि काठावरून माती-दगडांचा एक लोंढा खाली गेला. तो मागे झाला. दगड खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"आत जाऊन पाय सोडवायला वेळ लागेल," तो बहिणीला म्हणाला. "तोवर काठ राहणार नाही. आधी बस वर घ्यायची."

"निम्म्यावर बघू," नकोताई म्हणाली.

तो चालवायला बसला. तिने खिडकीतून सांगितलं, "दोर आधी पूर्ण ताणू दे. क्लच सगळा सोड, मग पाय दाब. अर्धवट क्लचवर ओढू नकोस." बसवाल्याला तिने हाताने खूण केली. त्याने ब्रेक सोडला. पिकअपने जोर लावला. दोर कुरकुरला, ताडपत्री थरथरली, बस वीतभर पुढे सरकली. ट्रकवाल्याने चाकामागे दगड सरकवला. मग बस थांबली. पिकअपचं इंजिन खाली खाली जात घरघरलं आणि एका आचक्याने बंद पडलं. ब्रेकने गाडी धरून ठेवली.

पैलवानाने घाम पुसला नाही. समोर बघत म्हणाला, "तार जोड."

"क्लच जळेल."

"जळू दे."

"मध्येच जळला तर?"

"तर ब्रेक आहेत. तूच घातलेस ना?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "ताई, मी परत एकदा कडी सोडणार नाही."

ती पलीकडून आत शिरली, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि चाचपडत तारेचं टोक शोधलं. चिकटपट्टी उन्हाने चिकट झाली होती, निघेना. तिने दातांनी फाडली. बोटं थरथरत होती आणि थरथरणाऱ्या बोटांनी तार जोडता येत नाही, म्हणून तिने एक क्षण डोळे मिटले. मग दोन्ही टोकं पिळून एकत्र केली आणि बटण दाबलं. डॅशबोर्डवर छोटा दिवा लागला.

"दिलं," ती म्हणाली. "आता हळू. एकदम दाबलंस तर चाकं जागेवरच फिरतील."

ती उतरून मागच्या चाकाजवळ उभी राहिली, दोरापासून लांब, पण गाडीचा श्वास ऐकू येईल इतकी जवळ. पैलवानाने पुन्हा दोर ताणला. या वेळी इंजिन खाली गेलं नाही. टर्बोची शिट्टी चढत गेली, हौद्यातल्या दगडांच्या ओझ्याने मागची चाकं रस्त्याला घट्ट धरून राहिली आणि बस हलली. एक वीत. आणखी एक वीत. ट्रकवाला नि चहावाला दगड ढकलत होते. भिंतीला टेकलेल्या बायकांपैकी एक आपण होऊन पुढे आली आणि तिनेही दगड उचलला.

आणि तेव्हाच वास आला. क्लच जळण्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. जळक्या केसांसारखा, गोडसर, घशात अडकणारा. इंजिनाचा आवाज चढत होता, पण चाकाचा वेग तेवढाच होता. म्हणजे मधली पकड घसरत होती.

"नको," नकोताई ओरडली. "पाय काढ. गार होऊ दे."

पैलवानाचा पाय क्षणभर निघाला नाही. तिला बाजूच्या आरशात त्याचे डोळे दिसले. मग त्याने ब्रेक दाबला आणि इंजिन खाली आणलं. बस दगडांवर टेकली. गाडीखालून पातळ धूर येत होता.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"थोडा."

तो थोडा वेळ त्यांना मिळाला नाही. काठाचा एक मोठा तुकडा बसच्या पोटाखालून निसटला. आवाज झाला तो भिंत पडल्यासारखा. बस मागे बसली. पुढच्या चाकामागचा एक दगड फुटला. दोर झपकन ताणला गेला आणि पिकअप, चारही चाकं ब्रेकने आवळलेली असताना, रस्त्यावर रबर घासत हातभर मागे ओढली गेली. आतून सुनेचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज. म्हातारी कसलंसं नाव घेत होती.

ब्रेकने धरलं. पिकअप थांबली. पण बसचं नाक आता मघापेक्षा वर झालं होतं.

नकोताई खिडकीशी धावली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही.

"दे. सगळं दे. मी काही म्हटलं तरी आता पाय काढू नकोस."

त्याने दिलं. टर्बोची शिट्टी किंचाळीपर्यंत गेली. गाडीखालून धूर नव्हे, ढग निघाला. बस आली, इंचाइंचाने आली, नाक खाली झालं, पोट खरडत खरडत काठावरून आत आलं. मागची चाकं काठाच्या फुटक्या दगडांना लागली आणि तिथे अडली. पिकअपसमोरची डोंगराची भिंत आता दोन हातांवर आली होती. पैलवानाचं बॉनेट जवळजवळ तिला टेकणार होतं. इंजिन गर्जत होतं, चाकं जेमतेम फिरत होती, आणि नकोताईला ऐकू येत होतं की आता पकड उरलेली नाही, जे काही आहे ते शेवटचं आहे. मग बसच्या मागच्या चाकांनी एक उसळी घेतली, काठ चढला आणि बस चारही पायांवर रस्त्यावर आदळली.

त्याच वेळी पिकअपचं इंजिन एकदम मोकळं होऊन ओरडलं. क्लच गेला होता. पैलवानाने ब्रेक दाबला, बसवाल्याने हँडब्रेक ओढला आणि तिघे-चौघे एकदमच चाकांमागे दगड टाकायला धावले.

त्यानंतर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बसवाला खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला ओकला. नकोताई जॅक आणि पहार घेऊन आत गेली. बाकाची चौकट जॅकने उचलली, पत्रा पहारेने दाबून धरला आणि सुनेने सासूचा पाय अलगद बाहेर घेतला. घोट्याजवळ हाड मोडलं होतं, पाय सुजून काळानिळा झाला होता. म्हातारीने दात आवळून सगळं सहन केलं आणि पाय बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, तेवढी चप्पल पण काढा त्यातली. नवी आहे."

सून तिथेच बसल्या जागी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. नकोताईने चप्पल काढून दिली.

गाड्या ओढणारी पिकअप त्या दिवशी ट्रकमागे बांधून खाली आणावी लागली. पैलवान तिच्यात स्टिअरिंग धरून बसला होता. वाटेतले ओळखीचे ड्रायव्हर हात करत होते. त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या दारात खोकं येऊन पडलं. नवा क्लच होता. मास्तर शाळेला निघाले होते. खोक्याकडे बघून म्हणाले, "वरातीमागून घोडं." दोघांपैकी कोणी हसलं नाही. मास्तर गुपचूप सायकलवर बसले.

दोन दिवस भावाने बहिणीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी, गिअरबॉक्स खाली घेताना, गाडीखाली शेजारी शेजारी पडलेले असताना तो म्हणाला, "तू थांबवलंस कशाला?"

तिने गिअरबॉक्सखालचा जॅक थोडा सरकवला.

"येत होती बस. मी ओढत होतो. तू नको म्हणालीस, मी पाय काढला आणि काठ गेला. ब्रेक धरले नसते तर? त्या दोघी..."

"मी नसतं थांबवलं तर क्लच तिथेच गेला असता."

"हे तुला माहितीय?"

नकोताईने वर बघितलं. तेलाचा एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. "मला तेव्हा तसं वाटलं," ती म्हणाली. "माहीत नव्हतं."

त्यांनी जुना क्लच बाहेर काढला आणि बाकावर ठेवला. ती चष्मा लावून बघू लागली, तोही वाकला. दोघांनाही तेच हवं होतं, त्या काळ्या तबकडीने सांगावं की कोणाचं बरोबर होतं. पण तबकडी पूर्ण जळलेली होती. पकडीचा थर उडाला होता, रिवेट वितळल्यासारखे झाले होते, आणि तो थर आधी किती जळला नि नंतर किती, हे कोणालाच सांगता आलं नसतं. नकोताईने ती उलटीपालटी केली. नखाने खरवडली. मग खाली ठेवली.

"यावरून काही कळत नाही," ती म्हणाली.

पैलवान तिच्याकडे बघत राहिला. तिने काहीतरी समजावून सांगावं, नेहमीसारखं बैलाचं नि जुवाचं उदाहरण द्यावं, अशी त्याची अपेक्षा असावी. तिने दिलं नाही. तिने चष्मा काढला, तेव्हा त्याला दिसलं की तिचे हात अजून थरथरतात. गेले दोन दिवस ती बोल्ट हाताने न लावता त्याला लावायला सांगत होती, ते त्याला आत्ता कळलं.

"तू बस," तो म्हणाला. "मी घट्ट करतो, तू सांग."

नवा क्लच बसला. म्हातारीचा पाय प्लास्टरमध्ये गेला. पुढे तिची सून एकदा गॅरेजवरून जाताना थांबली आणि म्हणाली, की सासूबाई आता काठी टेकत कामावर यायला लागल्यात आणि बसमध्ये शेवटच्या बाकावर कोणाला बसू देत नाहीत.

घोडे कमी करायचे का, असं मास्तरांनी एकदा विचारलं. भाऊ-बहीण एकाच वेळी "नाही" म्हणाले. डॅशबोर्डखालची तार नकोताईने आता सोल्डरने नीट झाळून पक्की केली. पिकअपच्या मागे जमिनीत रुतणारा एक लोखंडी फाळ बसवला, म्हणजे पुढच्या वेळी ब्रेकला एकट्याला झुंजावं लागू नये. आणि तिने एक अट घातली. घाटात जड काम असेल तेव्हा दोघांनी जायचं.

"म्हणजे तू नको म्हणायला?" पैलवानाने विचारलं.

"म्हणजे दोघांनी ठरवायला."

नव्या क्लचची पहिली चाचणी त्यांनी त्याच रस्त्यावर घेतली. हौदा दगडांनी भरला. या वेळी ती चालवत होती आणि तो काट्यावर नजर ठेवून बाजूला बसला होता. त्या वळणावर नवा कठडा बांधायचं काम चालू होतं, सिमेंट अजून ओलं होतं. तिने वेग कमी केला, चढाला गिअर बदलला, आणि गाडी ओझ्यासकट सरळ, न कुरकुरता वर निघाली.

"काटा?" तिने विचारलं.

"स्थिर आहे," तो म्हणाला. "तिसरा टाक की."

"थांब जरा. वळण संपू दे."